हुतात्म्यांची यादी कधी वाचली आहे का?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा, मग पाहुणे... असो. आज मात्र रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. राग कुणावर, ते ओघात कळेलच. त्यातला थोडा स्वतःवरही आहे.

झालं असं की गेल्या महिन्यात माझ्या भाच्याकडे वास्तुशांत होती. लालबागला, चौतिसाव्या मजल्यावर. ज्या जागेवर हा टॉवर उभा आहे तिथे माझ्या लहानपणी गिरणीचा भोंगा वाजायचा आणि त्या भोंग्यावर आमच्या चाळीतली चहाची आधणं चढायची. पूजा आटोपली, जेवणं झाली आणि मंडळी पूर्वेच्या मोठ्या खिडकीपाशी जमली. समोर सगळी गोदी पसरलेली. क्रेनचे सांगाडे, शिवडीची खाडी, २०२४ साली झालेला अटल सेतू, आणि पलीकडे धूसर न्हावा-शेवा. एखाद्याने नकाशा उलगडून ठेवावा तसं. आणि तिथे माझ्या दोन भाच्यांची जुंपली. (नावं लिहीत नाही. दोघंही हे वाचणार आहेत.)

थोरला दहा वर्षं सिंगापूरला राहून आलेला. त्याचं म्हणणं, "मुंबई ही बंदराची नगरी. जगभरातून माणसं आली म्हणून ती मोठी झाली. हे मराठी-मराठी करणं आता सोडायला पाहिजे. आपण आधी भारतीय. सिंगापूरला बघा, कुणी असल्या अस्मिता कवटाळून बसत नाही."

धाकटा तापला. "मुंबई आमच्या हुतात्म्यांनी मिळवली आहे. बाहेरचे येऊन बसले आणि आम्ही हद्दपार झालो. आधी एकेक स्टेशनाचं इंग्रजी नाव पुसून टाका, मग बोला!"

मग दोघंही माझ्याकडे वळले. "आत्या, तू सांग. तू इतिहास शिकवलास ना?"

मी म्हटलं, "समोर गोदी दिसतेय ना? तिथे १४ एप्रिल १९४४ला काय झालं, ते दोघांपैकी कुणी एकाने सांगा."

दोघंही गप्प. थोरल्याने खिशातून मोबाइल काढला. मी म्हटलं, तो ठेव आत. तुझे सख्खे आजोबा त्या दिवशी तिथे कामावर होते.

त्यांचे आजोबा म्हणजे आमचे अण्णा. पोर्ट ट्रस्टमध्ये टॅली क्लार्क. बोटीतून किती नग उतरले, किती चढले, ते लिहून घ्यायचं काम. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या बोटीचा स्फोट झाला. एकाच बोटीत दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा! कापूस आधी पेटला, आग विझेना, मग दारूगोळा उडाला. अर्ध्या तासात दुसरा, आणखी मोठा स्फोट. शेकडो माणसं गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अण्णा दुसऱ्या शेडमध्ये होते म्हणून वाचले. त्यांच्या टोळीतली माणसं वाचली नाहीत. १४ एप्रिलला आमच्या भागात बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक असायची, निळे झेंडे, लेझीम, सगळी चाळ रस्त्यावर. अण्णा मिरवणुकीला हात जोडायचे, आत यायचे आणि संध्याकाळपर्यंत बोलायचे नाहीत. आई म्हणायची, "त्यांना आज काही विचारू नका."

ती बोट नातवांना ठाऊक नाही. मग कसली मुंबई सगळ्यांची, आणि कसली मुंबई आमची?

त्या दिवशी घरात ब्राह्मण जेवत होते, म्हणून मी फार बोलले नाही. "लिहून सांगते," म्हटलं. तर हे ते लिहिणं. आधी थोरल्याचं घेते.

बाबा रे, तू सिंगापूरचा दाखला दिलास. दहा वर्षं राहिलास, तर एवढं बघितलं असशीलच की तिथे चार भाषा सरकारी आहेत: मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी. बहुसंख्य लोक चिनी वंशाचे, तरी राष्ट्रगीत मलय भाषेत आहे, कारण ती तिथल्या मातीची भाषा. बंदराची नगरी असूनही त्यांनी स्थानिक भाषेला 'जुनाट अस्मिता' म्हणून अडगळीत टाकलं नाही, राष्ट्राच्या मानाच्या जागी बसवलं. तू तिथून विमानतळ आणि मेट्रो तेवढी बघून आलास.

मुंबई सगळ्यांची आहे, यात वादच नाही. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिलं. माणूस शिक्षक, मूळ गोव्याकडचा. या शहरावरचं मराठीतलं हे पहिलं मोठं पुस्तक. ते उघडलं की जातीजातीची, देशोदेशीची माणसं त्या पानांतून चालताना दिसतात. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही मुंबई सर्वांचीच होती, आणि ते मराठीत लिहून ठेवताना कुणाला अडचण वाटली नाही. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया आले. त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेलं आहे. बगदादहून ससून आले, १८७५ साली ससून डॉक झाला, आणि त्या डॉकवर आमच्या कोळणींची बोली चालते. भाऊ अजिंक्यांनी धक्का बांधला तो भाऊचा धक्का. यातल्या कुणी आपलं घर, आपली भाषा, आपला देव गोदीत बुडवून मग मुंबईकर झाला, असं दिसतं का? जो तो आपापलं घेऊन आला आणि इथल्यांचं आपलंसं करून राहिला. 'सगळ्यांची' याचा अर्थ 'कुणाचीच नाही' असा होत नाही. धर्मशाळा सगळ्यांची असते. पण तिचं छप्पर गळायला लागलं की कुणी वर चढत नाही.

आता 'आधी भारतीय'. हे वाक्य मला फार ऐकवलं जातं. जणू मराठी असणं ही भारतीय होण्याच्या वाटेतली धोंड आहे! तर या शहरात राष्ट्र कुणी घडवलं ते बघू.

२८ डिसेंबर १८८५ला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस सुरू झाली, हे तुला शाळेत आम्हीच शिकवलं. पण तिच्या आधी १८५२ साली 'बॉम्बे असोसिएशन' झाली होती, आणि ती उभारणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. तेच नाना, ज्यांचा १८५३च्या रेल्वेत वाटा होता. तेच नाना, जे शिक्षण मंडळात न्यायमूर्ती पेरींशी भांडले की पोरांना विद्या मातृभाषेतून मिळाली पाहिजे, नुसत्या इंग्रजीतून नव्हे. रेल्वे, राजकीय संस्था आणि मातृभाषेची शाळा, ही तिन्ही कामं एकाच डोक्यात सुखाने नांदत होती. नानांना कुणी विचारलं नाही, "तुम्ही आधी कोण?"

पुढे १९०८च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, वर्षाला एक दिवस. बंद करणारे कोण? रत्नागिरी-साताऱ्याहून आलेले, चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा जण झोपणारे गिरणी कामगार. त्यांनी राष्ट्रवादाची व्याख्या पाठ केली नव्हती. आपला माणूस आत गेला एवढं त्यांना कळलं, आणि तेवढं पुरलं. गोळीबारात त्यांचीही माणसं गेली.

आणि १९४६चा फेब्रुवारी. 'तलवार'वरच्या खलाशांनी १८ तारखेला बंड केलं. ती पोरं पंजाबची, बंगालची, मलबारची, कोकणची. त्यांचं जेवण तोडलं गेलं तेव्हा मुंबईच्या लोकांनी गेटवेपाशी डबे आणि फळं नेऊन दिली. गिरणगाव त्यांच्यासाठी रस्त्यावर आलं आणि दोनशेच्या वर माणसं मेली. परळच्या कामगाराला मलबारच्या खलाशाची भाषा येत नव्हती. पण त्याच्यासाठी छातीवर गोळी घेताना त्याने स्वतःची भाषा सोडली नव्हती. राष्ट्र घडतं ते असं. घरातली भाषा पुसून कोरी पाटी केली की राष्ट्र घडतं, हा शोध अलीकडचा आहे.

२०२५ साली हेच झालं. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी लावायचा निर्णय निघाला, जूनमध्ये तो जरा फिरवून पुन्हा आणला आणि जूनअखेरीस रद्द केला. मला आनंद झाला, लपवत नाही. सहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर तिसरी भाषा लादून देश एक होत नाही. ज्याने त्याने आपली भाषा नीट शिकली आणि शेजाऱ्याची ऐकून-बोलून उचलली, की तो एक होतो. आमचे अण्णा घरी मालवणी वळणाचं मराठी बोलायचे, गोदीत बंबईया हिंदी, आणि टॅलीशीट इंग्रजीत लिहायचे. त्यांच्यावर यातलं काहीही कुणी राष्ट्रासाठी म्हणून लादलेलं नव्हतं.

आता धाकट्या, तुझी पाळी. हसू नकोस. तुझ्यावर मी जास्त रागावले आहे, कारण तू माझ्या बाजूचा आहेस असं तुला वाटतं.

तू म्हणालास, "मुंबई आमच्या हुतात्म्यांनी मिळवली." बरोबर. मला त्यातलं थोडं आठवतंही. १९५६च्या जानेवारीत मी सहाची होते. नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचं जाहीर केलं आणि शहर पेटलं. आईने खिडकीला गादी उभी लावली होती. अश्रुधूर आत यायचा, म्हणून आम्हा मुलांच्या तोंडावर ओली फडकी. संचारबंदीत अण्णा गोदीतून गल्लीबोळांतून मध्यरात्री चालत आले, आणि आईने त्यांना पाणी द्यायच्या आधी अंगावरून हात फिरवून बघितला, कुठे लागलंय का म्हणून. हे मी विसरणार नाही.

पण मला सांग, त्या हुतात्म्यांपैकी पाच जणांची नावं येतात तुला? पाच नको, दोन? कुणी १०५ म्हणतं, कुणी १०६, कुणी १०७. आकड्यावरसुद्धा आपलं एकमत नाही. भाषणात आकडा फेकला की नावं लागत नाहीत, म्हणून आकडा सोयीचा पडतो.

मी ती यादी माझ्या वहीत उतरवून ठेवली आहे. त्यातली थोडी नावं लिहिते, सावकाश वाच. सीताराम बनाजी पवार. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ. के. जे. झेवियर. पी. एस. जॉन. बालप्पा मुतण्णा कामाठी. महमद अली. शामलाल जेठानंद. एडविन आमब्रोझ साळवी. मुनीमजी बलदेव पांडे. करपैया किरमल देवेंद्र. सय्यद कासम. ठमाबाई विठ्ठल सूर्यभान. रावजीभाई डोसाभाई पटेल. होरमसजी करसेटजी.

वाचलंस? आता पुन्हा म्हण, "आमचे हुतात्मे" आणि "बाहेरचे".

यातला कोण मोर्चात होता आणि कोण नुसता दूध आणायला खाली उतरला होता, ते यादी सांगत नाही. गोळीने मातृभाषा विचारली नाही. उगाच मी असंही म्हणणार नाही की सगळे गुण्यागोविंदाने संयुक्त महाराष्ट्रासाठी लढत होते. त्या दिवसांत गुजराती दुकानं फुटली, लुटली गेली, हेही खरं आहे आणि तेही सांगितलं पाहिजे. पण यादी कुणी केली? आपणच केली. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांनी पटेल, करसेटजी, पांडे आणि देवेंद्र यांना पवार-जाधवांच्या रांगेत बसवलं. आडनाव बघून कुणाला वगळलं नाही. त्या पिढीला आपलं आणि परकं कसं ओळखायचं ते तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं, असं नाही तुला वाटत? आज तू रिक्षावाल्याच्या कानाखाली वाजवल्याचे व्हिडिओ पुढे ढकलतोस आणि खाली 'जय महाराष्ट्र' लिहितोस. त्याने एक तरी माणूस मराठी शिकला का? तुमच्या टॉवरखाली भाजी विकणारी बाई उत्तरेकडची आहे. ती माझ्याशी चार वर्षांत बऱ्यापैकी मराठी बोलायला लागली, कारण मी तिच्याशी मराठीत बोलते. तू तिच्याशी हिंदीत बोलतोस. मी ऐकलं आहे!

आणि ती लढाई संपली कशी? १९५७च्या निवडणुकीत मतपेटीतून. देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख मंत्रिपद सोडून घरी आले. अत्रे, डांगे, एस. एम. जोशी, प्रबोधनकार, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका मांडवात आली. कुणी देशातून फुटायची भाषा केली नाही. आमच्या भाषेचं राज्य द्या आणि आमची राजधानी त्यात द्या, एवढंच मागणं होतं. १ मे १९६०ला ते मिळालं. त्याने भारत लहान झाला का मोठा?

आता नावांकडे येते. नावं बदलायला माझा विरोध नाही. १९९५ला 'बॉम्बे' जाऊन 'मुंबई' झालं तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. १९९६ला व्ही. टी.चं नाव बदललं, २०१७ला त्यात 'महाराज' जोडलं, २०१८ला एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. ठीक. २०२४ला विधिमंडळाने आणखी सात स्टेशनांची नावं बदलायचा ठराव केला. करी रोडचं लालबाग करा, मला आनंदच आहे. त्या करीसाहेबाचं मला काही देणं नाही. सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, तेही चालेल.

पण त्याच ठरावात डॉकयार्ड रोडचं माझगाव आहे आणि कॉटन ग्रीनचं काळाचौकी. 'डॉकयार्ड' हे कुठल्या गव्हर्नराचं नाव आहे का रे? ते कामाचं नाव आहे. तुझ्या आजोबांच्या आणि त्यांच्या टोळ्यांच्या घामाचं. 'कॉटन ग्रीन' हे कापसाच्या बाजाराचं नाव. तो बाजार आधी कोटात होता, मग कुलाब्याला गेला, मग शिवडीला आला. त्या कापसावर हे शहर वाढलं आणि त्या कापसाच्या गिरण्यांवर आपली चाळ जगली. गोदीची जहाजं १९८९नंतर न्हावा-शेवाकडे वळू लागली. गिरण्या १९८२च्या संपानंतर एकेक करून गेल्या. अडीच लाख माणसांचा संप तो! आता उरलासुरला शब्दसुद्धा फलकावरून जाणार, आणि त्याला आपण स्वाभिमान म्हणायचं? त्यातून चर्नी रोड. गुरं चरायची म्हणून चर्नी, असं सांगतात. तसं असेल तर तिथे आपण आपलाच शब्द पुसायला निघालो आहोत.

सर्वांत जास्त मला कशाचं वाटतं ते सांगू? मुंबई सेंट्रलला नाना शंकरशेटांचं नाव द्यायची मागणी आहे. जरूर द्यावं, नानांचे उपकारच तेवढे आहेत. पण जो माणूस मातृभाषेच्या शाळेसाठी साहेबाशी भांडला, त्याच्या नावाच्या स्टेशनात उतरून आपण पोराला कुठल्या शाळेत घेऊन जाणार? हिंदीचा निर्णय रद्द झाला तेव्हा गुलाल उधळणाऱ्यांत तूही होतास. तुझी मुलगी कुठे शिकते, ते आपल्या सगळ्या घराला ठाऊक आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बाळा?

थांब. लगेच उत्तर टाइप करायला घेऊ नकोस. तू काय लिहिणार ते मला माहीत आहे. "आत्या, तू तरी काय केलंस?"

तेच सांगायचं आहे.

माझा मुलगा, तुमचा आतेभाऊ, १९८२ साली इंग्रजी माध्यमात घातला. मी स्वतः मराठी शाळेत शिकवत होते आणि माझा मुलगा सकाळी टाय लावून दुसरीकडे जात होता. "त्याच्या भविष्याचा प्रश्न आहे," असं मी स्टाफरूममध्ये सांगायचे, आणि कुणी काही म्हणायचं नाही, कारण निम्म्या जणींचं तेच होतं. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना मी मातृभाषेचं महत्त्व शिकवलं आणि माझ्या मुलाला त्यातून सोडवलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. आमची ती शाळा पुढे पट घटत घटत बंद झाली. तिचा पट घटवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पस्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. संयुक्त महाराष्ट्राचा धडा आला की अर्धा तास द्यायचे. मुद्दे फळ्यावर लिहायचे: कारणे, स्वरूप, परिणाम. दोन मार्कांचा प्रश्न. शाळेपासून हुतात्मा चौक बसने पाऊण तासावर. पस्तीस वर्षांत एकदाही मी वर्ग तिथे नेला नाही. सहल नेली ती राणीच्या बागेत.

आणि एक मुलगा आठवतो. १९८४ साल असेल. वडील गिरणीत होते, म्हणजे संपापर्यंत होते. पोरगा मागच्या बाकावर बसायचा, डबा आणायचा नाही. लोखंडे यांचा धडा चालू होता. १८८४ला गिरणी कामगारांची संघटना, १८९०ला रविवारची सुट्टी, असं मी लिहून देत होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आत्ताच्या संपाचा धडा कुठे आहे?"

मी म्हटलं, "तो अभ्यासक्रमात नाही. बस खाली."

तो बसला. पुढच्या वर्षी शाळेत आला नाही. गावी गेले, असं शेजारच्या मुलाने सांगितलं.

ते "बस खाली" माझ्या कानात अजून आहे. त्याचा बाप या शहराच्या इतिहासात होता, जिवंत, दोन गल्ल्या पलीकडे, आणि मी तो इतिहास वर्गात येऊ दिला नाही. फलकावरची इंग्रजी नावं इंग्रजाने लावली, हे खरं. पण आठवणी पुसण्याचं काम आमच्यासारख्यांनी केलं, शुद्ध मराठीत, खडू हातात घेऊन. म्हणून चौतिसाव्या मजल्यावर तुम्ही दोघं गप्प झालात ना, तेव्हा मला तुमचा राग आला आणि पाठोपाठ माझी लाज वाटली. तुम्हाला सांगणार कोण होतं? अण्णा बोलले नाहीत, दुःखाने. मी बोलले नाही, मार्कांच्या हिशेबाने.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांना हे शहर आपलं म्हणायचं आहे, त्यांनी त्याची आठवण ठेवायचं रोजचं काम अंगावर घ्यावं. ते मराठी माणसाने आधी घ्यावं, कारण घर त्याचं आहे आणि पाहुण्याला घर दाखवायचं काम यजमानाचं असतं. मुंबई महापालिकेने आठ भाषांतून शाळा चालवल्या. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड! असं दुसऱ्या कुठल्या शहराने केलं असेल तर मला सांगा. त्या आठही भाषांतल्या पोरांना आपल्या वॉर्डाचा इतिहास एक तास शिकवा. माझगावच्या उर्दू शाळेतल्या पोराला १९४४चा स्फोट कळू दे. धारावीतल्या तमिळ शाळेतल्या पोरीला कळू दे की त्या यादीत एक देवेंद्रही आहे. कोकणातल्या पोराला कळू दे की १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं स्वातंत्र्याला महिना उरला असताना गेली. ही पोरं मोठी झाली की मुंबई कुणाची यावर भांडणार नाहीत असं नाही. भांडतील. पण निदान काही माहीत असून भांडतील.

थोरल्या, तुझ्या नव्या घराच्या लिफ्टमध्ये टॉवरचं इंग्रजी नाव सोनेरी अक्षरांत आहे. खाली जी गिरणी होती तिचं नाव काय, ते विचारून ठेव. पुढच्या वेळी आले की विचारणार आहे. धाकट्या, तू मुलीला अण्णांची गोष्ट सांग, मराठीत. ती इंग्रजीत प्रश्न विचारेल. विचारू दे.

आणि दोघांनीही २१ नोव्हेंबरला हुतात्मा चौकात यायचं. १९५५ साली त्याच तारखेला तिथे पहिला मोठा गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. पुढाऱ्यांचे हार पडतील, गर्दी असेल, आपण एका बाजूला उभं राहायचं. वही मी आणते. मुलांनाही आणा. प्रत्येकाने थोडी थोडी नावं मोठ्याने वाचायची. उच्चार चुकले तरी चालतील. या यादीत काहींची पुरती नावंसुद्धा नाहीत. एक आहे नुसता 'बालमोहन'. एक आहे नुसता 'अनंता'. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. तो मराठी होता का कोण होता, कुणास ठाऊक. ती दोन नावं मी वाचीन.

ज्यांना यायचं असेल त्या बाकीच्या वाचकांनीही यावं. वेळ सकाळी साडेआठ, म्हणजे ऑफिसला जायच्या आधी उरकेल. सगळी नावं सावकाश वाचायला दहा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून वाचून बघितली आहेत.